तिच्या वाट्याची सवड

बातमी कामाच्या ग्रुपवर आली. मी मुरबाडच्या साइटवर नुकतीच पोचले होते, गाडी स्टँडवर लावून हेल्मेट काढत होते. वाटेत मिलिंदचे, म्हणजे सुजाताच्या नवऱ्याचे, फोन येऊन गेले होते. पण स्कूटीवर मला रिंग ऐकू येत नाही. मोबाइल उघडला तर सगळ्यात वर साहेबांचा मेसेज. "सुजाता मॅडम पहाटे गेल्या. उद्याचा स्लॅब परवा भरायचा. सगळ्यांनी नोंद घ्यावी." एवढंच... मी तो पुन्हा पुन्हा वाचला. खोटं कशाला सांगू, रडू नंतर आलं. आधी आला तो संताप. पहिल्या वाक्यात माणूस गेलं, दुसऱ्या वाक्यात स्लॅब एक दिवस पुढे गेला, आणि दोघांच्या मध्ये नुसता एक पूर्णविराम. मेसेजखाली लगेच अंगठे उमटायला लागले. कुणाचा अंगठा सुजातासाठी होता आणि कुणाचा स्लॅबसाठी, ते ज्याचं त्याला माहीत.

याला आता काही आठवडे झाले. मिलिंद म्हणतो, वैशाली, जरा शांत हो, मग लिही. पण शांत झाल्यावर मी काय लिहीन तेही मला ठाऊक आहे. हसतमुख, मनमिळाऊ, कामाला वाघ. तसलं लिहायला आमच्या कंपनीत माणसं आहेत, त्यांनी लिहून फ्लेक्ससुद्धा लावला. मी राग आहे तोवरच लिहिते. सुजाता चाळिशीची होती आणि ती पित्ताशयातल्या खड्यांनी गेली. हो, खड्यांनी. कल्याणच्या डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की ऑपरेशन साधं आहे, थोडे दिवस विश्रांती घ्या, मोकळ्या व्हाल. ऑपरेशनची तारीख तीनदा ठरली आणि तीनदा पुढे गेली. शेवटी एक खडा घसरून नळीत अडकला, स्वादुपिंडाला सूज आली, आणि मग एकेक अवयव हात टेकत गेला. जिचं सगळं आयुष्य इतरांच्या तारखा जुळवण्यात गेलं, तिला स्वतःची एक तारीख पाळता आली नाही.

सुजाता आमच्या कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर होती. कंपनी रस्ते, मोऱ्या, छोटे पूल बांधते. प्लॅनिंग म्हणजे नक्की काय, असं आमच्या नातेवाइकांपैकी कुणी विचारलं की ती म्हणायची, लग्नघरात एक बाई असते ना, जी स्वतः काहीच करताना दिसत नाही पण आचारी कधी येणार, मांडव कधी पडणार, कुणाला स्टेशनवर आणायला कोण जाणार हे तिलाच माहीत असतं, ती मी. कुठलं काम कशाच्या आधी, कुठलं कशाच्या नंतर, कोणती टोळी कोणत्या जागेवर, क्रेन कुठे, सळई कधी पोचणार, हे सगळं तिने बसवायचं. मी त्याच कंपनीत बिलिंग बघते. आम्ही दोघी डिप्लोमाला एका बाकावर होतो; ती खर्डीची, मी मुरबाडजवळच्या गावातली. तिच्याकडे बुद्धवंदना, आमच्याकडे सत्यनारायण. तिच्या आईच्या हातचं सुकट आणि माझ्या आईच्या हातचे नाचणीचे पापड यांची आमच्यात वर्षानुवर्षं अदलाबदल चालली. वर्गात मुली म्हणून आम्हीच काय त्या थोड्या, म्हणून मैत्री झाली असं लोक म्हणतात. मैत्री झाली ती माझ्या भांडकुदळपणामुळे. मी भांडायचे आणि ती मिटवायची, असं आमचं जमलं होतं.

तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. रुळाचं काम गाड्या बंद ठेवून होत नाही, दोन गाड्यांच्या मध्ये जो वेळ मिळतो त्यात करावं लागतं. अण्णा, तिचे वडील, त्याला सवड म्हणायचे. लहानपणी सुजाता त्यांचा डबा घेऊन रुळाच्या कडेला उभी राहायची आणि ते सवड आली की कसे भराभर कामाला लागतात आणि सवड संपायच्या आधीच कसे अवजारं उचलून बाजूला होतात, ते बघायची. पुढे डिप्लोमाला आम्हाला शिकवलं की प्रत्येक कामाला पुढेमागे व्हायला थोडी जागा असते, तिला फ्लोट म्हणतात. वर्गात कुणाला नीट कळलं नाही. सुजाताला कळलं. ती म्हणाली, "हे तर अण्णांचं आहे गो, सवड." पुढे तिच्यामुळे आमच्या साइटवरही फ्लोट हा शब्द कुणी वापरला नाही. साहेबसुद्धा विचारायचे, मॅडम, या कामाला सवड किती आहे?

आता साहेबांविषयी. ते वाईट माणूस आहेत असं मी म्हणणार नाही, म्हणायची फार इच्छा आहे तरी. ते प्रोजेक्ट मॅनेजर, ठाण्याला राहतात, गाडीने येतात, सगळ्यांना नावानं ओळखतात, दिवाळीला मिठाई देतात. फक्त त्यांना माणूस आणि सामान यातला फरक कागदावर दिसत नाही. सुजाता यायच्या आधी मुरबाडच्या पुलाचं वेळापत्रक मुंबईच्या ऑफिसातून आलं होतं. रंगीत, देखणं, उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांनी बनवलेलं. त्यात पहिला मोठा स्लॅब पौष पौर्णिमेच्या सुमाराला ठेवला होता. म्हणजे म्हसा गावची जत्रा. मुरबाड तालुक्यात ज्याला दोन पाय आहेत तो जत्रेला जातो. बैल बघायला, घोंगडी घ्यायला, नुसतं फिरायला. स्लॅबच्या दिवशी मिक्सर आला, खडी आली, सिमेंट आलं, साहेब आले, आणि माणूस एक नाही. साहेब मोबाइलवर ओरडत होते की ही माणसं आळशी आहेत, यांना कामाची किंमत नाही. त्याच माणसांनी आधीचा पंधरवडा भर उन्हात सळई बांधली होती. मी तेव्हाच तोंड उघडलं होतं आणि मला गप्प बसवलं गेलं होतं.

पुढच्या वर्षी प्लॅनिंग सुजाताकडे आलं. तिने जत्रा बंद करा, जत्रेला जाऊ नका, दंड लावू, यातलं काही म्हटलं नाही. तिने फक्त स्लॅब जत्रेच्या आदल्या दिवशी ठेवला. स्लॅब भरल्यावर पुढचे दिवस त्याला पाणी लागतं. वर छोटे बांध घालून पाणी कोंडून ठेवायचं आणि अधूनमधून पाइपने मारत राहायचं. तेवढ्याला एखादं माणूस पुरतं. टोळी आदल्या दिवशी जीव तोडून राबली, कारण दुसऱ्या दिवशी जत्रा होती, आणि मग सगळी माणसं जत्रेला आणि स्लॅब पाण्यात. काम एका तासानेही मागे पडलं नाही. साहेब म्हणाले, व्वा, हे कसं सुचलं? ती म्हणाली, सर, माणसं कधी नसतात ते आधी लिहायचं, मग काम लिहायचं. ते ऐकून साहेब हसले, आणि त्यांनी ते वाक्य ठाण्याच्या मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून सांगितलं. हे मला तिथल्या एकाने सांगितलं. मी चिडले, सुजाता म्हणाली, जाऊ दे गो, वाक्यच आहे.

मुरबाडच्या साइटवर कंटेनरमध्ये आमचं ऑफिस आहे, त्याच्या भिंतीवर तिने एक पत्रा पांढरा रंगवून लावला. त्यावर आडव्या ओळी, आणि ओळींत चुंबकाने लावलेल्या रंगीत पट्ट्या. पट्ट्या जुन्या लग्नपत्रिकांच्या. कुणाच्याही घरी पत्रिका आली की ती मागून घ्यायची, जाड कागद, झकास रंग, कापायला सोपा. सेंट्रिंगवाल्यांची, म्हणजे स्लॅबचा साचा उभारणाऱ्यांची, टोळी लाल, सळईवाले पिवळे, क्रेन हिरवी, इंजिनियर निळे. वाचता न येणाऱ्यालाही कळायचं की आपला रंग या आठवड्यात कुठे आहे. आणि मध्ये मध्ये पांढऱ्या जागा. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत पांढरी जागा, भातकापणीला, पावसाआधी पालापाचोळा जाळून रोपांची जागा तयार करतात तो राब भाजायला, चौदा एप्रिलला. ही सवड, इथे कुणी पट्टी लावायची नाही, असा नियम होता. चौदा एप्रिल बघून साहेबांनी एकदा विचारलं होतं की ही तुमची वैयक्तिक सुट्टी का? ती शांतपणे म्हणाली, "नाही सर, त्या दिवशी स्लॅबची सुट्टी आहे. पाणी पितोय." ऑफिसातला एकजण नंतर माझ्याजवळ कुजबुजला की कोट्यातून आलेल्यांना सगळं चालतं. त्याला मी काय सुनावलं ते वर्तमानपत्रात छापण्यासारखं नाही.

मग कंपनीला दुसरा पूल मिळाला, शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या पुढे पाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर. छोटाच पूल, पण तिथला ओहोळ पावसाळ्यात असा फुगतो की पाडे तुटतात. बाळंतपणाची बाई झोळीत घालून न्यावी लागते, आणि नेता येईपर्यंत काय व्हायचं ते होतं. साहेबांनी दोन्ही पूल एकाच वर्षात करायचं कबूल करून टाकलं. आयजीच्या जिवावर बायजी उदार. क्रेन एकच, सेंट्रिंगच्या प्लेटा एकाच पुलापुरत्या, आणि प्लॅनिंगला सुजाता एकच. तिने ते बसवलं. इकडे पाया खणला जातोय तोवर प्लेटा तिकडे, तिकडचा स्लॅब पाण्यात आहे तोवर क्रेन इकडे. डोळखांबकडच्याच माणसांची टोळी उभी केली, चिंतूदादा त्यांचा मुकादम. ही माणसं एरवी दिवाळीनंतर बायकापोरं घेऊन वीटभट्ट्यांवर जातात. सुजाताने चिंतूदादाला शब्द दिला की दोन पुलांमध्ये टोळीला एकही दिवस रिकामं बसवणार नाही, तुम्ही भट्टीवर जाऊ नका. त्या वर्षी त्या पाड्यांतली पोरं शाळेत दिसली. मास्तर मुद्दाम साइटवर येऊन सांगून गेले.

ती सगळी रचना मात्र तिच्या एकटीच्या खांद्यावर उभी होती. ती रोज खर्डीहून स्कूटीने निघायची, शहापूर, मग डोळखांबची साइट, मग परत फिरून किन्हवली, सरळगाव, मुरबाड. सरळगावच्या नाक्यावर आम्ही कधी कधी चहाला भेटायचो. तिथेच एकदा पोटात कळ येऊन ती बाकड्यावर वाकून बसली होती आणि म्हणत होती, अ‍ॅसिडिटी. मी तिला जबरदस्तीने सोनोग्राफीला नेलं. तेव्हा खडे कळले, तेव्हाच पहिली तारीख ठरली.

आमच्याकडे कॉम्प्युटरवर प्लॅन करतात त्यात एक सोय आहे. कुणाला एकाच वेळी दोन कामांवर टाकलं तर त्याचं नाव लाल होतं. क्रेन दोन्हीकडे टाकली तर क्रेन लाल, टोळी दोन्हीकडे टाकली तर टोळी लाल. मग ते लाल जाईपर्यंत तारखा हलवायच्या, हेच तिचं काम. एक दिवस तिने मला स्क्रीन दाखवली. सगळी नावं काळी होती, एक सोडून. तिचं. ती म्हणाली, "बाकी सगळं जमलं बघ. हे एक जात नाय." मी म्हटलं, साहेबांना दाखव. तिने दाखवलं. मी त्या वेळी तिथे होते, बिलांच्या सह्या घ्यायला. साहेब हसून म्हणाले, "अहो, तुम्ही काय क्रेन आहात का? तुम्ही अ‍ॅडजस्ट होता. म्हणून तर तुमच्यावर विसंबून आहे." आणि हे त्यांनी कौतुकानं म्हटलं. खरंच कौतुकानं... मला आजही त्याचाच जास्त राग येतो. शिवी दिली असती तर तिने निदान उलट उत्तर दिलं असतं. क्रेनला एका साइटवरून दुसरीवर न्यायला ट्रेलर लागतो, दिवस जातो, डिझेल जातं, म्हणून क्रेनची सगळे काळजी घेतात. माणूस स्वतःच्या स्कूटीवर स्वतःच जातं, म्हणून त्याचं कुणी काही धरत नाही.

पहिली तारीख गेली ती वरच्या अधिकाऱ्यांची पाहणी आली म्हणून. साहेब म्हणाले, एवढी पाहणी होऊ दे, मग तुम्ही बिनधास्त जा. दुसरी तारीख गेली ती क्रेन त्याच आठवड्यात शहापूरला मिळणार होती म्हणून. ती हुकली तर महिना जाणार होता. तिसरी तारीख मात्र साहेबांनी हलवली नाही. ती सुजाताने स्वतः हलवली, आणि यासाठी मी तिला अजून माफ केलेलं नाही. त्या वेळी मी तिच्याशी सरळ भांडले. सरळगावच्या नाक्यावर, चहावाल्यासमोर. मी म्हटलं, जगातल्या सगळ्या बैलांना, घोंगड्यांना, राबाला तुझ्याकडे सवड आहे, तुझ्या पोटाला नाही? ती म्हणाली, मी आठवडाभर नसले तर दोन साइटींच्या तारखा एकमेकींवर चढतील, टोळी रिकामी बसेल, आणि रिकामी बसली की मुकादम कुणाच्याही सांगण्याने थांबणार नाही, भट्टीवाले दारात उभेच आहेत. आणि पावसाआधी पूल झाला नाही तर पाडे परत तुटले. मी म्हटलं, तो प्रश्न साहेबांचा आहे. ती म्हणाली, साहेबांचाच आहे, पण शब्द मी दिलाय. मी चहा तसाच टाकून निघून आले. भांडून निघून आले याचं मला वाईट वाटत नाही. मी जास्त मोठ्याने भांडायला हवं होतं, एवढंच.

हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटले तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. नाकात नळी, हात सुजलेले, डोळे पिवळे. मिलिंद बाहेर औषधं आणायला गेला होता. मला वाटलं, घरचं काही सांगेल, आईचं सांगेल. ती थांबत थांबत म्हणाली, "वैशे... चिंतूदादाला सांग, राब भाजायला जा म्हणावं... तेवढी सवड आहे." मी म्हटलं, गप बस. तिला मी शेवटचं जे बोलले ते हेच आहे. मला ते बदलायचं नाही, कारण तिच्याशी मी आयुष्यभर असंच बोलले. पण मरणाच्या दारातसुद्धा ती दुसऱ्यालाच सवड वाटत होती, हे आठवलं की आजही राग येतो, आणि तो कुणावर काढू ते कळत नाही. तिच्यावरच काढते. ऐकू जात असेल तर ऐक, सुजाता.

साइटवर शोकसभा झाली. कंटेनरच्या बाहेर सावलीला सतरंजी, टेबलावर तिचा फोटो, हार. साहेब बोलायला उभे राहिले. ते म्हणाले की सुजाता मॅडमसारखी माणसं आता मिळत नाहीत, एक माणूस आणि दोन साइट, आणि इतक्या वर्षांत त्यांनी कधी रजा मागितली नाही. मी मागच्या रांगेत होते. बसल्या जागेवरून म्हटलं, "मागितली होती, साहेब. तीनदा तारीख घेतली होती. अर्ज तुमच्या टेबलावर होते." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग फोटोकडे, मग रुमाल काढला. मग त्यांनी जे केलं ते मी विसरणार नाही. ते म्हणाले की ही वेळ भावना आवरायची आहे, पावसाआधी दोन्ही पूल पुरे करणं हीच मॅडमना श्रद्धांजली, आणि दुसरं माणूस मिळेपर्यंत वैशाली मॅडम बिलिंग सांभाळून दोन्ही साइटींचं प्लॅनिंग बघतील. म्हणजे फुलं सुकायच्या आत तिची जागा भरली, माझ्याने. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, मी मुरबाड बघीन. शहापूरला माणूस आणा. साहेब म्हणाले, बघू, अ‍ॅडजस्ट करू. तो शब्द ऐकून मी तशीच आत निघून गेले.

खर्डीला पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला, आमच्याकडे तेरावं असतं तसा. मिलिंदने सगळ्यांना बोलावलं होतं. बघते तर त्याच दिवशी डोळखांबकडच्या पुलाचा शेवटचा स्लॅब लावलेला. म्हणजे टोळीतलं एकही माणूस येणार नाही. मी साहेबांना सांगितलं की एक दिवस हलवा. ते म्हणाले, एक दिवस तर मॅडम गेल्या तेव्हाच हलवला होता, पावसाचं काय ते बघा, दोन प्रतिनिधी पाठवू, हार पाठवू, मी स्वतः जाऊन दोन शब्द बोलेन. मी फोन ठेवला आणि वस्तू फेकायच्या बेतात होते, तेवढ्यात चिंतूदादा कंटेनरमध्ये आला. तो सरळ पट्ट्यांच्या पत्र्यासमोर गेला. आपल्या टोळीची पट्टी कुठे आहे ते त्याने बोटाने शोधलं, मग पांढरी जागा बघितली.

"म्याडमनी आमाला काय शिकवलं?" तो म्हणाला. "जत्रा असंल तर स्लॅब आदल्या दिशी. जत्रेला पानी. आमी आदल्या दिशी भरताव. सळई पुरी करून देतो मी, तुमी फकस्त मिक्सर सांगा."

मी मिक्सर सांगितला. खडी, सिमेंट, पाण्याचा टँकर, सगळं एक दिवस आधी. टोळीने सळई कधी पुरी केली ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही. साहेबांना कळवलं की स्लॅब एक दिवस आधीच भरतो आहोत. ते खूश झाले, म्हणाले, बघा, मनात आणलं तर होतं. स्लॅब भरला. संध्याकाळी चिंतूदादाच्या माणसांनी वर बांध घालून पाणी कोंडलं. मग चिंतूदादा म्हणाला की उद्या पाणी मारायला एक माणूस लागंल, आणि आमच्यातला कुनी राहनार नाय. मी कंपनीत ज्या ज्या माणसाला विचारलं तो खर्डीला जाणार होता. ड्रायव्हरसुद्धा. मी कात्री घेतली, एका लग्नपत्रिकेची पट्टी कापली, आणि पत्र्यावर त्या दिवसाच्या जागी लावली. इतक्या वर्षांत साहेबांची पट्टी त्या पत्र्यावर कधीच नव्हती. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी त्यांना नीट सांगितलं की दुसरं कुणी नाही, भर उन्हात नव्या स्लॅबवरचं पाणी आटलं तर तडे जातील, आणि तडे गेलेल्या पुलाचं बिल मी पुढे पाठवणार नाही. "पण मला दोन शब्द बोलायचे होते," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही अ‍ॅडजस्ट होता, साहेब."

खर्डीला मांडवात जागा उरली नाही. टोळीतली माणसं बायकांना घेऊन आली होती, शाळेचे मास्तर होते, म्हसा भागातले गवंडी, सरळगावचा चहावालासुद्धा. पांढरे कपडे घालून ही सगळी माणसं ओळीने बसली, भन्तेजींच्या मागून चुकतमाकत त्रिसरण म्हटलं. ज्यांना येत नव्हतं ते नुसते हात जोडून बसले. सुजाताची आई मला म्हणाली, "कामावरून सगली आली? आज काम नाय?" मी सांगितलं, काम आहे, पण आज स्लॅब पाणी पितोय. आईला काय कळायचं ते कळलं. गँगमनची बायको ती. सुजाताच्या निमित्ताने कुणी सवड काढली असेल तर ती त्या दिवशी पहिल्यांदा, आणि ती बघायला सुजाता नव्हती. तिथे मी रडले. आणि रडतानाही रागच येत होता की हीच माणसं, हाच एक दिवस, तिच्या ऑपरेशनच्या वेळी का नाही कुणी असा आधी ओढून घेतला.

साहेबांनी त्या दिवशी पाणी मारलं. मी नंतर जाऊन बघितलं, स्लॅबला एक तडा नव्हता, हे मी प्रामाणिकपणे सांगते. आता तिथे कठडे आणि दोन्ही बाजूंचा भराव एवढंच राहिलं आहे. पाड्यांवरची माणसं पुलावरून चालायला लागलीसुद्धा. शहापूरला प्लॅनिंगचं माणूस मात्र अजून आणलेलं नाही. साहेबांनी माझ्या नावाच्या दोन निळ्या पट्ट्या करून घेतल्या आहेत. संध्याकाळी ठाण्याला निघताना ते एक मुरबाडच्या ओळीत लावतात आणि दुसरी शहापूरच्या ओळीत. सकाळी आल्यावर मी हेल्मेट ठेवते, शहापूरच्या ओळीतली माझी पट्टी काढते आणि टेबलाच्या खणात टाकते. चहा त्यानंतर. हे रोज चाललं आहे. काल मला यायला उशीर झाला. चिंतूदादाची टोळी कामाला लागून गेली होती, कंटेनरमध्ये कुणी नव्हतं. मी पत्र्यासमोर गेले, तर शहापूरच्या ओळीतली माझी जागा पांढरी होती आणि पट्टी आधीच खणात पडलेली होती, तिच्यावर सिमेंटच्या बोटाचा ठसा.